जुन्या वेगवान मोटारबोटीची दुरुस्ती: आधी मागची भिंत, मग इंजिन

मुंबईच्या खाऱ्या पाण्यात वीस-पंचवीस वर्षे धावलेली फायबरची वेगवान बोट ट्रेलरवरून मराठवाड्यात आणली, की तिला मोठे इंजिन बसवण्याची घाई होते. परंतु पहिला खर्च ट्रान्समवर, म्हणजे इंजिन ज्या मागच्या भिंतीला टांगलेले असते तिच्यावर, व्हायला हवा. या भिंतीच्या फायबरमध्ये बहुधा प्लायवूड असते आणि बोल्टच्या भोकांतून झिरपणारे पाणी ते आतल्या आत कुजवते, तरी वरची चकाकी तशीच राहते.

लहान हातोडीने ट्रान्सम आणि तळातील लांब आधार, म्हणजे स्ट्रिंजर, वीतभर अंतराने ठोकत जावे. जेथे आवाज बद्द येतो तेथे आतल्या बाजूने ४ मिलिमीटरचे भोक पाडून भुसा पाहावा. तो ओला, काळपट आणि कुबट असेल, तर तो भाग उघडावाच लागतो. कुजक्या लाकडात पातळ रेझिन, म्हणजे घट्ट होणारा चिकट द्रव, ओतण्याचा सोपा उपाय वेगवान बोटीसाठी मला मुळीच मान्य नाही.

आतले आवरण कापून सडके लाकूड काढावे, पोकळी पूर्ण वाळू द्यावी, मरीन प्लायचे (पाण्यात टिकणाऱ्या प्लायवूडचे) थर इपॉक्सी रेझिनने चिकटवावेत आणि त्यांवर विणलेले काचकापड चढवावे. जुन्या फायबरवर पॉलिएस्टर रेझिनपेक्षा इपॉक्सीची पकड चांगली बसते. सांध्याची कड जाडीच्या बारापट रुंदीपर्यंत उतरती घासावी, म्हणजे ६ मिलिमीटर जाडीला ७२ मिलिमीटर. घासताना मास्क अनिवार्य समजावा. वैशाखात पारा ४२ अंशांवर असताना भांड्यात राहिलेले रेझिन बघता बघता तापून गोठते, आणि पावसाळ्यात काही इपॉक्सींवर मेणचट थर येतो, जो पाण्याने धुतल्याशिवाय पुढचा थर नीट धरत नाही. म्हणून दिवाळी ते होळी हा काळ मला सर्वांत सोयीचा वाटतो. उष्णतेवर उपाय म्हणून हार्डनरचे, म्हणजे रेझिन घट्ट करणाऱ्या घटकाचे, प्रमाण कधीही कमी करू नये. संथ हार्डनर घ्यावा आणि मिश्रण पसरट ताटात ओतावे.

त्यानंतर इंजिन. सिलिंडरांच्या कॉम्प्रेशनमध्ये, म्हणजे आतल्या दाबामध्ये, १० टक्क्यांहून अधिक फरक आढळल्यास ते उघडावे. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर, म्हणजे पात्यांचे चक्र, आणि तापमान राखणारा थर्मोस्टॅट न तपासताच बदलावेत; जुन्या पेट्रोल नळ्याही इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकणाऱ्या घ्याव्यात.

अश्वशक्ती वाढवायची असली, तरी बोटीच्या पाटीवरील मर्यादा ओलांडू नये. नाथसागराची, म्हणजे मराठवाड्यातील जायकवाडी धरणाच्या जलाशयाची, पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४६४ मीटर आहे. इतक्या उंचीवर विरळ हवेमुळे इंजिनाची ताकद चार-पाच टक्क्यांनी घटते आणि किनाऱ्यावरचा प्रोपेलर जड पडतो. पूर्ण थ्रॉटलला ठरलेले आरपीएम गाठले जात नसतील, तर प्रोपेलरचा पिच, म्हणजे एका फेरीत तो जितका पुढे सरकायला हवा ते अंतर, १ इंचाने कमी करावा; त्याने साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, त्यामुळे चाचणीसाठी परवानगी मिळेल असा दुसरा जलाशय शोधणे योग्य.

पहिल्या चाचणीत किल स्विचची, म्हणजे चालक पडल्यास इंजिन बंद करणाऱ्या स्विचची, दोरी अंगाला बांधलेली असावी. बोट ट्रेलरवर परतल्यावर इंजिनाचे बोल्ट पुन्हा आवळावेत आणि एकाने इंजिन वर-खाली दाबत असताना दुसऱ्याने ट्रान्सम किंचितही वाकतो का, हे कोपऱ्यांवर हात ठेवून तपासावे.