जुनी लाडकी सायकल देऊन आपल्या मापाची सायकल कशी घ्यावी

वडिलांची रॅले सायकल माझ्याकडे तीस वर्षे होती. २४ इंची फ्रेम, २८ इंची चाके, केबलऐवजी सळयांनी ओढले जाणारे रॉड ब्रेक, चेनवर संपूर्ण झाकण आणि स्प्रिंगांची चामडी सीट अशी ती उंच, भारदस्त सायकल होती. फोंड्याहून म्हार्दोळपर्यंतच्या चढउतारांवर मी ती चालवली, तिच्या कॅरिअरवरून घरची भाजी आणली आणि दोन पावसाळ्यांपूर्वी एका वळणावर थांबताना पाय जमिनीला न पोचल्यामुळे तिच्यासकट गटारात पडले. दुखापत किरकोळ होती, परंतु ही सायकल माझ्या मापाची नाही आणि कधीच नव्हती, हे त्या दिवशी मला मान्य करावे लागले. जिव्हाळ्याची जुनी सायकल देऊन मापाची सायकल घेण्याचा विचार ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी माझ्या अदलाबदलीतून मी जे शिकले ते येथे मांडते.

सर्वांत आधी, आहे तीच सायकल मापात बसवता येते का हे पाहावे, कारण अनेकांची अडचण फ्रेमची नसून सीटची असते. गुडघ्याच्या पुढच्या बाजूस दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे. गुडघ्याच्या मागे ताण येत असेल किंवा पायडल मारताना कंबर डावीउजवीकडे झुलत असेल तर ती बहुधा वर आहे. तळहात बधिर होत असतील तर हँडल लांब किंवा फार खाली आहे. यांतील पुष्कळ गोष्टी पान्याने सुटतात. लहान फ्रेमची सीट लांब नळी घालून वर उचलता येते, मोठी फ्रेम मात्र कोणत्याही उपायाने लहान होत नाही. म्हणून ज्यांची फ्रेम थोडी लहान आहे त्यांनी घाई करू नये आणि ज्यांची मोठी आहे त्यांनी नवे सीट, नवे हँडल यांवर खर्च करण्याआधी मोजपट्टी हातात घ्यावी.

मोजण्याची रीत सोपी आहे, पण ती काळजीपूर्वक करावी लागते. अनवाणी, भिंतीला पाठ टेकवून, दोन्ही पावलांत वीतभर अंतर ठेवून ताठ उभे राहावे. जाड पुठ्ठ्याच्या बांधणीचे पुस्तक पायांच्या मधोमध, बांधणीची कड वर करून, सीटवर बसल्यावर जेवढा दाब जाणवतो तेवढ्या दाबाने वर सरकवावे आणि त्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर घरातील दुसऱ्या कोणाकडून मोजून घ्यावे. स्वतः वाकून मोजले की माप चुकते, आणि तीनदा मोजल्याखेरीज त्यावर विसंबू नये. माझे माप ७६ सेंटिमीटर आले. या मापाला ०.८८३ ने गुणले असता क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, ज्या आसाभोवती फिरतो त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते; ती सीटच्या नळीच्या रेषेत मोजायची असते. अमेरिकी शर्यतपटू ग्रेग लेमाँड यांच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत शर्यतीच्या सायकलींसाठी रूढ झाली, त्यामुळे ताठ बसून चालवायच्या सायकलीसाठी मी त्यातून एखादा सेंटिमीटर कमी धरते. समोरून बस आली की रस्त्याच्या कडेला थांबून पाय चटकन टेकवता येणे आपल्याकडच्या अरुंद वळणांवर अधिक महत्त्वाचे आहे.

माझ्यासाठी ही उंची सुमारे ६७ सेंटिमीटर निघाली. वडिलांच्या सायकलीची सीट अगदी तळाला टेकवल्यावरही ती ७१ सेंटिमीटर भरत होती, कारण २४ इंची फ्रेमची सीटची नळीच ६१ सेंटिमीटर असते आणि स्प्रिंगांची सीट तिच्यावर आणखी जागा घेते. आडवी दांडी जमिनीपासून ८६ सेंटिमीटरवर होती. दांडीवर पाय टाकून उभे राहिले असता शरीर आणि दांडी यांच्यात दोन-तीन सेंटिमीटर तरी मोकळे अंतर राहावे लागते. माझ्या बाबतीत दांडी माझ्या मापाहून दहा सेंटिमीटर उंच होती. ती सायकल एका बाजूला झुकवून उतरण्याची सवय मला इतकी वर्षे सांभाळून नेत होती, आणि वयाबरोबर कमरेचा लवचीकपणा कमी झाल्यावर ती सवय पुरेनाशी झाली.

लांबीचे माप कागदावर काढणे अवघड असते. कोपर सीटच्या नाकाला टेकवून हात पुढे केल्यास बोटांची टोके हँडलच्या खुंटीजवळ यावीत, ही जुन्या मेकॅनिकांची खूण ढोबळ आहे. तरी मोठी चूक ती लगेच दाखवते. खरी परीक्षा अर्धा तास चालवल्यावरच होते.

मापे हाती आल्यावर कोणत्या प्रकारची सायकल शोधायची ते ठरवावे. मी २० किंवा २१ इंची, आडवी दांडी नसलेली, खाली वाकलेल्या नळीची फ्रेम निवडली. तिला दुकानांत ‘लेडीज सायकल’ म्हणतात आणि त्या नावामुळे अनेक पुरुष तिच्याकडे पाहतही नाहीत, हे मला खरोखर वाईट वाटते, कारण पाय उंच उचलणे ज्यांना जड जाते अशा कोणाही व्यक्तीसाठी ही फ्रेम उत्तम आहे. चाकांच्या मापाकडे विशेष लक्ष द्यावे. जुन्या उंच सायकलींचा २८ × १½ टायर ६३५ मिलिमीटरच्या रिमवर बसतो. आजच्या ७००सी चाकाची रिम ६२२ मिलिमीटरची असते. दोघांनाही बोलताना ‘अठ्ठावीस इंची’ म्हटले जाते, पण एकाचा टायर दुसऱ्यावर चढत नाही. २६ इंची चाकांतही हीच गफलत आहे: २६ × १⅜ ची रिम ५९० मिलिमीटरची, तर माउंटन बाइकच्या २६ इंची चाकाची ५५९ मिलिमीटरची. टायरच्या कडेवरचा आकडा स्वतः वाचल्याशिवाय कोणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवू नये.

आता स्वतःची सायकल ओळखून घ्यावी. प्रेमाची वस्तू आपण वर्षानुवर्षे पाहतो, पण तपासत नाही. फ्रेमचा क्रमांक बहुधा सीटखालच्या जोडावर किंवा क्रँकच्या खालच्या बाजूस कोरलेला असतो. तो साफ करून लिहून घ्यावा. रॅले असल्यास ती इंग्लंडमधील नॉटिंगहॅमची आहे की आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्याची, हे पुढच्या बिल्ल्यावरून पाहावे, कारण संग्राहक यांत फरक करतात. मागच्या चाकात स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गिअरचा हब (चाकाच्या मध्यावरचा, आत गिअर असलेला तुंबा) असेल तर त्याच्या कवचावर वर्ष आणि महिना सहसा ठोकलेला असतो. मात्र हब नंतर बदललेला असू शकतो, म्हणून त्यावरून सायकलीचे वय ठामपणे सांगू नये.

गोव्यात सायकल कोठे राहिली यावर तिचे आरोग्य अवलंबून असते. किनाऱ्याकडच्या घरांतील सायकलींना खारी हवा लागते. तेथे आधी क्रोम जाते, मग आऱ्यांची टोके आणि त्यांना रिमशी आवळणारे निपल गंजून चिकटतात. डिचोली-सत्तरीकडच्या खाणपट्ट्यातील सायकली वरून बऱ्या दिसतात, पण लाल धूळ ग्रीसमध्ये मिसळून हबमधील छर्रे आणि वाट्या झिजवते. आणि सगळीकडेच पावसाळ्यात सीटच्या नळीतून उतरलेले पाणी क्रँकच्या पेटीत साचते, त्यामुळे फ्रेम आतून गंजते. सीटची नळी बाहेर काढून, सायकल उलटी करून, आतून लाल पाणी किंवा गंजाची भुकटी पडते का ते पाहावे. जे सापडेल ते लपवू नये.

देण्यापूर्वी सायकल साफ करावी. रंगवू मात्र कदापि नये. जुना रंग, सोनेरी रेघा आणि उडालेली अक्षरे हीच तिची ओळख असते आणि नव्या रंगाखाली काय दडले आहे अशी शंका जाणत्या माणसाला येतेच. चामडी सीटवर बुरशी आली असेल तर ती कोरड्या कापडाने पुसून सीट सावलीत वाळवावी. खोबरेल तेल चोपडू नये, त्याने चामडे मऊ पडून सैल होते. मूळ पंप, कुलूप, दिवा, चेनचे झाकण जे असेल ते सर्व सायकलीबरोबर राहू द्यावे. माझ्या भावाने आठवण म्हणून घंटी काढून ठेवण्यास सुचवले होते. मी त्याऐवजी सर्व बाजूंनी छायाचित्रे काढली आणि वडिलांच्या खरेदीच्या पावतीची प्रत ठेवून मूळ पावती सायकलीबरोबर दिली.

अदलाबदल कोणाशी करावी, याविषयी माझे मत पक्के आहे. आपल्या आठवणींची किंमत समोरच्याकडे मागू नये, पण सायकल कोणाच्या हाती जाते हे ठरवताना त्या आठवणींना पूर्ण अधिकार द्यावा. दोन्ही सायकलींची आजच्या स्थितीतील किंमत वेगवेगळी ठरवावी, दुरुस्तीचा खर्च वजा करावा आणि उरलेला फरक रोख द्यावा किंवा घ्यावा. यासाठी दोघांनाही मान्य असा मेकॅनिक असलेला चांगला. पहाटे पाव घेऊन फिरणाऱ्या पदेरांच्या सायकली ज्याच्याकडे दुरुस्तीला येतात, त्या मेकॅनिकाला माझ्या अनुभवात रॉड ब्रेकही कळतात आणि क्रँक आसावर घट्ट धरणाऱ्या कॉटर पिनही. असेच एका दुकानात विचारत असताना मला म्हापशाच्या एका उंच तरुणाचा पत्ता मिळाला. त्याच्या आजीची २१ इंची, वाकलेल्या नळीची, २६ × १⅜ चाकांची तीन गिअरची सायकल त्याच्या पडवीत उभी होती आणि ती चालवताना त्याचे गुडघे हँडलला लागत असत.

येणारी सायकल तपासताना पहिला प्रश्न हा विचारावा की सीटची नळी हलते का. याआधी मी एका गृहस्थाशी जवळजवळ व्यवहार ठरवला होता. फ्रेम योग्य होती, पण नळी गंजून फ्रेममध्ये इतकी घट्ट बसली होती की सीट वर-खाली होणे शक्यच नव्हते, आणि हे मला पैसे देण्याच्या दिवशी समजले. मापासाठी सायकल बदलायची आणि तिचे मापच बदलता येत नाही, असा व्यवहार काय कामाचा? नळी आणि हँडलची खुंटी दोन्ही सैल करून हलवून पाहाव्यात आणि सीट आपल्या उंचीला आणल्यावर नळीचा पुरेसा भाग आत राहतो याची खात्री करावी. त्यानंतर फ्रेम वाकलेली नाही ना ते दोऱ्याने पाहावे: मागच्या आसाच्या एका टोकाला दोरा बांधून तो हँडलच्या नळीभोवती वळसा घालून दुसऱ्या टोकापर्यंत ताणावा आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचे अंतर मोजावे, ते सारखे यायला हवे. क्रँक हाताने आडवा हलवल्यास खडखड येत असेल तर कॉटर पिन किंवा बेअरिंग झिजलेले आहे. रॅलेच्या क्रँकपेटीचे आटे इतर बहुतेक इंग्रजी सायकलींहून बारीक असतात, इंचाला २४ ऐवजी २६, त्यामुळे तेथील मूळ वाट्या शाबूत असणे मोलाचे आहे.

तीन गिअरच्या हबमध्ये दुसरा गिअर सरळ चालतो, पहिला त्याच्या पाऊणपट, म्हणजे हलका, आणि तिसरा सव्वापटीहून थोडा अधिक, म्हणजे जड असतो. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये केबल अडकली तर पायडल रिकामे फिरते. उभे राहून चढ चढताना असे घडल्यास पडण्याचा धोका आहे. दुरुस्ती सोपी आहे. गिअर दुसऱ्यावर ठेवून उजव्या नटाच्या खिडकीतून पाहावे आणि आतल्या सळईचा खांदा आसाच्या टोकाशी समपातळीत येईपर्यंत केबल ताणावी किंवा सैल करावी.

चालवून पाहण्यासाठी आम्ही दोघे जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडी बेटावर गेलो. तेथे शेतांमधून सपाट रस्ते आहेत, पिएदादच्या टेकडीचा चढ आहे आणि वाहने कमी आहेत. तासभर चालवावे, चढावर गिअर बदलावेत, उतारावर दोन्ही ब्रेक स्वतंत्रपणे दाबून पाहावेत. स्टीलच्या रिमा ओल्या झाल्या की ब्रेक फार उशिरा पकडतात, म्हणून रिमांवर पाणी शिंपडूनही एकदा थांबून पाहावे.

पायडलच्या सायकलीला वाहन नोंदणी लागत नाही, त्यामुळे कागद आपणच करावा: दोन्ही फ्रेमचे क्रमांक, तारीख, दिलेली रोख रक्कम, माहीत असलेले दोष आणि दोघांच्या सह्या. त्यात पंधरा दिवसांची मुदत लिहावी, ज्यात कोणालाही व्यवहार मोडता येईल. ठोकून बसवलेल्या कॉटर पिना पहिल्या काही दिवसांत सैल होतात. आठवड्याने त्या पुन्हा आवळून घ्याव्यात. सीटची योग्य उंची सापडली की नळीवर चिकटपट्टी गुंडाळून खूण करून ठेवावी.

पंधराव्या दिवशी तो तरुण वडिलांच्या सायकलीवरून फोंड्याला आला. माझ्याकडे असताना तिची सीट कायम तळाला टेकलेली असे. आता खाली चार बोटे नळी चमकत होती.