बांधलेल्या अँबॅसडर इंजिनाला पहिल्या स्टार्टआधी ऑइल कसं चढवावं

बेळगावच्या उद्यमबागेतून ब्लॉक बोअर होऊन आला, क्रँक ग्राइंड झाला, इंजिन बांधून झालं, की हात आपोआप चावीकडे जातो. तो आवरा. ऑइल पंप कोरडा आहे, फिल्टर रिकामा आहे आणि ब्लॉकच्या गॅलरीत, म्हणजे ऑइल वाहायच्या आतल्या वाटांत, नुसती हवा आहे. बेअरिंग आणि क्रँक यांच्यात जेमतेम दोन थाऊ (इंचाचे दोन हजारांश) फट असते. तिथं ऑइलचा थर नसेल तर नवी बेअरिंगं काही सेकंदांत ओरखडतात. जोडताना लावलेल्या ऑइलवर भरवसा ठेवू नका. पावसाळाभर खानापूरकडच्या एखाद्या शेडमध्ये इंजिन उभं राहिलं, तर ते ऑइल ओघळून चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात, जातं.

परदेशी व्हिडिओंत डिस्ट्रिब्युटर काढून त्या भोकातून ड्रिलनं पंप फिरवताना दाखवतात. अँबॅसडरच्या 1489 सीसी बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) इंजिनाला ती युक्ती लागू नाही. इथं डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट वेगळा, पंपाचा वेगळा, आणि दोन्ही कॅमशाफ्टवरून (व्हॉल्व्ह चालवणाऱ्या दांड्यावरून) फिरतात. (जुन्या जीपचा पंप ब्लॉकच्या बाहेर असल्यानं हाताशी येतो, पण डिस्ट्रिब्युटर त्याच्याच शाफ्टवर फिरतो. पंप खुणा न करता काढला की ठिणगीचं टायमिंग गेलंच.)

म्हणून काम सुरू होतं ते चेंबर बसवण्याआधी. पंप उघडा आणि रोटरच्या भोवतीची सगळी पोकळी व्हॅसलीननं भरा. ग्रीस भरू नका. व्हॅसलीन गरम ऑइलमध्ये विरघळतं, ग्रीसच्या गुठळ्या मात्र बारीक वाटांत अडकतात. रिकामा पंप हवाच घुसळत बसतो, भरलेला पंप पहिल्या फेऱ्यापासून ऑइल ओढतो. चेंबरमधून ऑइल ओढणाऱ्या जाळीच्या पाइपच्या जोडाला नवं पॅकिंग घाला. बोअरिंगला देताना गॅलरीचे प्लग काढले असतील तर सगळे परत बसलेत का, ते मोजून बघा. चेंबर चढल्यावर हे काही दिसत नाही.

आता बाहेरून दाबानं ऑइल भरायचं. यासाठी महागडं यंत्र नको. निपाणी-चिकोडीकडे शेतीच्या दुकानात मिळणारा, हातानं दाब भरायचा 5 लिटरचा फवारणी पंप पुरतो. मात्र तो नवाच घ्या. औषध मारलेला पंप कितीही धुतला तरी इंजिनाला नको. नोझल काढा आणि नळी क्लिपनं ऑइल गेजच्या (दाब दाखवणाऱ्या काट्याच्या) पाइपला जोडा. ब्लॉकवरचं युनियन (पाइप जोडायचा आट्यांचा नट) गाडीचंच वापरा, म्हणजे आट्यांची कटकट राहत नाही.

फिल्टरसह इंजिनात साधारण साडेचार लिटर ऑइल बसतं. 20डब्ल्यू-50 मिनरल घ्या. दोन लिटर चेंबरमध्ये ओता, अडीच लिटर फवारणी पंपात. घट्ट ऑइल नळीतून रखडतं, म्हणून डबा आधी तासभर उन्हात ठेवा. फिल्टरच्या भांड्याची जुनी रबर रिंग खोबणीत चिकटून राहिली असेल तर टोकदार सळईनं उचकटून काढा. तिच्यावर नवी बसली तर दाब चढताच ऑइल धो धो बाहेर येतं.

स्पार्क प्लग काढा, गाडी न्यूट्रलला टाका, रॉकरचं (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांचं) झाकण उघडा. एकानं फवारणी पंप मारायचा, दुसऱ्यानं स्टार्टिंग हँडलनं इंजिन पाव-पाव फेरा फिरवायचं. फिरवणं टाळू नका, कारण रॉकरकडे जाणारी वाट कॅमशाफ्टच्या ठरावीक स्थितीतच उघडते. आधी चेंबरमध्ये ऑइल ठिबकल्याचा आवाज येतो. मग रॉकरच्या भोकांतून बुडबुडे येतात आणि त्यामागून स्वच्छ ऑइल. आठही रॉकर ओले झाले की पंप थांबवा. एकही ओला झाला नाही तर रॉकर शाफ्टचे पाय उलटसुलट बसलेत का ते बघा. ऑइलचं भोक त्यांतल्या एकालाच असतं.

गेज परत जोडा. आता सेल्फ, पण अजून प्लगशिवाय. कॉइलची बारीक वायर काढून ठेवा, नाहीतर प्लगच्या भोकांतून आलेल्या पेट्रोलच्या वाफेला ठिणगी मिळेल. 10 ते 15 सेकंद मारा, मिनिटभर थांबा, पुन्हा मारा. तीन-चार वेळांत काटा हलायला हवा.

नाही हलला तर चालू करून बघू म्हणू नका. आधी गेजचं युनियन किंचित सैल करून सेल्फ मारा. ऑइल जोरात आलं तर दाब आहे, गेज किंवा त्याचा पाइप खराब. ऑइल आलंच नाही तर रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडून देणारा) काढून बघा. घाणीनं तो उघडा अडकलेला असतो किंवा स्प्रिंग घालायचीच राहिलेली असते. तोही ठीक असेल तर जाळीच्या जोडातून हवा ओढली जातेय. मग चेंबर उतरवण्याला पर्याय नाही, आणि म्हणूनच मघाचं पॅकिंग नीट बसवायचं.

दाब मिळाला की स्पार्क प्लग लावा आणि डिपस्टिक बघून ऑइल पुरं करा. कॅमशाफ्ट किंवा टॅपेट नवे असतील तर चालू होताच 2000 आरपीएमच्या आसपास 20 मिनिटं ठेवा, वेग थोडा वरखाली करत. आयडलवर सोडू नका. कमी वेगाला कॅमवर ऑइल पुरेसं उडत नाही. गरम इंजिनाला चालत्या वेगात 50 पीएसआयच्या जवळपास दाब हवा.

पहिले 500 किलोमीटर चोर्ला घाट नको, निपाणीअलीकडचा तवंदी घाटही नको. त्यानंतर ऑइल गरम असताना काढा, फिल्टर बदला आणि जुन्या फिल्टरचा कागद कापून उघडा. राखाडी धूळ असेल तर ती घासण्याची. चकचकीत कपचे दिसले तर मात्र बेअरिंग बघावं लागेल.