जुना घोडा-ट्रेलर घेताय? यार्डात जाण्याआधी आणि गेल्यावर काय पाहायचं

न्हावा शेवा बंदरातून कंटेनर उचलायचा आणि इंदूर, नागपूर, बंगळुरू नाहीतर थेट दिल्लीकडे गाडी सोडायची, असा धंदा मनात असेल तर नवी गाडी की जुनी, हा प्रश्न बहुतेकांच्या बाबतीत खिसाच सोडवतो. ही तयारी जुना घोडा-ट्रेलर, म्हणजे पुढे ओढणारं इंजिनवालं तोंड (घोडा) आणि मागे जोडलेला ट्रेलर, घेणाऱ्यांसाठी आहे. सगळे आधी विचारतात, "कुठल्या कंपनीची घेऊ?" टाटा, लेलँड, भारतबेंझ, तिघांच्याही दहा-दहा लाख किलोमीटर पळालेल्या गाड्या महामार्गावर आहेत आणि तिघांच्याही भंगारात उभ्या आहेत. विचारायचं ते वेगळंच: माझ्या लाईनवर, रात्री दोन वाजता ही गाडी उभी राहिली तर किती तासांत चालू होईल? भरवशाची गाडी म्हणजे कधीच न बिघडणारी नव्हे. तशी गाडी कोणी बनवत नाही. जिचा मिस्त्री आणि जिचा पार्ट तुमच्या रस्त्यावर मिळतो, ती भरवशाची.

म्हणून घरातून निघण्याआधी कागद-पेन घ्या आणि लाईन लिहा. कुठून कुठे, काय माल, परतीचं भाडं कशाचं. त्यानंतर वजन. मॉडेलच्या आकड्यातच बरंचसं सांगून ठेवलेलं असतं: ४०१८ म्हणजे घोडा, ट्रेलर आणि माल मिळून सुमारे ४० टन आणि १८० हॉर्सपॉवर, ५५३० म्हणजे ५५ टन आणि ३००. आता भरलेला कंटेनर ३० टनांपर्यंत जाऊ शकतो. घोडा आणि कंटेनर-ट्रेलर मिळून रिकामं वजन साधारण १२-१३ टन धरा, की ४०१८ मध्ये असा कंटेनर कायद्याने बसत नाही हे तिथेच कळतं. जुलै २०१८ मध्ये केंद्राने अ‍ॅक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली. पुढचा अ‍ॅक्सल ७ टन, चार टायरचा मागचा अ‍ॅक्सल ११.५ टन, ट्रेलरखालचे तीन जोडअ‍ॅक्सल २७ टन, एकूण ४५.५. पण त्याआधीच्या गाडीच्या आरसीवर जुनाच आकडा असू शकतो. दलाल तोंडाने काय सांगतो ते सोडा, वजनकाट्यावर आरसीवरचा आकडाच चालतो. ओव्हरलोडच्या भरवशावर हप्त्याचा हिशेब मांडणार असाल तर गाडी घेऊच नका.

दिल्लीची लाईन असेल तर बीएस, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचा सरकारी दर्जा, हा मुद्दा सगळ्यात आधी. दिल्लीबाहेर नोंद झालेल्या बीएस-३ आणि त्याखालच्या मालवाहू गाड्यांना १ नोव्हेंबर २०२५ पासून दिल्लीत प्रवेश बंद झाला, आणि बीएस-४ ला दिलेली सवलत ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची होती. हिवाळ्यात हवा बिघडली की वरून आणखी निर्बंध येतात ते वेगळेच. तेव्हा उत्तरेकडे जाणाऱ्याने बीएस-६, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची गाडी बघावी. दक्षिणेत किंवा राज्यातल्या राज्यात फिरणाऱ्याला चांगली बीएस-४ अजून पुष्कळ काम देईल, आणि गावोगावचा मिस्त्री तिला हात घालायला घाबरत नाही. बीएस-६ ला धूर साफ करायला युरियाचं द्रावण लागतं, धुराच्या नळकांड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि सेन्सर रुसले की गाडी स्वतःच ताकद कमी करते. चढावर भरलेल्या गाडीने असं केलं की ड्रायव्हर काय बोलतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. बीएस-६ बघायला जाताना स्कॅनर असलेला माणूस सोबत न्या आणि जुने एरर वाचून घ्या. युरियाची यंत्रणा बायपास केलेली असेल तर सौदा तिथेच थांबवा. शंभर लिटर डिझेलमागे ३ ते ५ लिटर युरिया जातो. मालक म्हणाला की "या गाडीला युरिया फारसा लागतच नाही," तर त्याचा अर्थ काढायला स्कॅनरही नको.

कागद गाडी पाहण्याआधीच बघायचे, मोबाईलवर बसल्या जागी बघता येतात. गाडी नंबरवरून फिटनेस, विमा, टॅक्स, परमिट, पीयूसी आणि बोजा (गाडीवरचं कर्ज) पाहून घ्या. ई-चलनं थकलेली असतील तर ती सौद्याआधी मालकाने भरायची, "नंतर बघू" नाही. फायनान्स असेल तर कर्ज फिटल्याचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी नावावर करायला मालकाच्या सह्यांचे फॉर्म २९ आणि ३० लागतीलच, आणि गाडी परराज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. एनएल-०१ (नागालँड) नंबरचे ट्रेलर रस्त्यावर पावलोपावली दिसतात. गाडी चांगली असेलही, पण ट्रान्सफरला काय लागेल ते आपल्या आरटीओत आधी विचारा, मग टोकन द्या. आठ वर्षांनंतर पासिंग (फिटनेस तपासणी) दरवर्षी करावं लागतं, तो खर्च आणि ते उभे दिवस हिशेबात धरा. एक गोष्ट हमखास सुटते: ट्रेलरला त्याचा स्वतःचा चासी नंबर असतो. घोड्याचा नंबर जुळला म्हणून खूश होऊ नका, ट्रेलरखाली वाकून तोही कागदाशी ताडून पाहा.

आता प्रत्यक्ष गाडी. सकाळी जा, आणि "मी येईपर्यंत स्टार्ट करू नका" असं आदल्या दिवशी सांगून ठेवा. पोचल्यावर चावी मागण्याआधी इंजिनला हात लावा. गरम लागलं तर मालकाला थंड स्टार्ट तुम्हाला दाखवायचा नव्हता, एवढं नक्की. थंड इंजिन लवकर धरतं का, सुरुवातीचा धूर किती वेळात विरतो, रंग कोणता, हे बघा. निळा धूर राहिला तर इंजिन ऑईल खातंय. पांढरा राहिला तर पाणी आत जातंय किंवा डिझेल नीट जळत नाही. काळा असेल तर आधी एअर फिल्टर, मग इंजेक्टर आणि टर्बो. गरम झाल्यावर ऑईल भरायचं झाकण उघडून वरच ठेवा. ते नाचायला लागलं आणि खालून धूर भसाभस येऊ लागला, तर इंजिन बांधायला, म्हणजे पूर्ण खोलून दुरुस्त करायला, आलंय. बांधलेलं इंजिन असणं वाईट नाही. कुठे बांधलं, बिल आहे का, लायनर-पिस्टन कुठले टाकले, याची उत्तरं न अडखळता मिळाली तर उलट चांगलंच. मीटरवरच्या किलोमीटरवर मात्र माझा काडीचा विश्वास नाही. स्टेअरिंगची पकड, क्लच पेडलचं रबर आणि सीटची कडा जास्त खरं बोलतात.

मग ब्रेकची हवा. प्रेशर पूर्ण भरू द्या, इंजिन बंद करा, आणि सगळ्यांना गप्प बसवून गाडीभोवती एक फेरी मारा. सूं असा आवाज कुठून येतो ते ऐका, काटा किती पडतो ते बघा. नंतर ब्रेक दाबून धरून पुन्हा तेच. हवेच्या टाकीचा ड्रेन सोडला की थोडं पाणी येणं ठीक. ऑईल आलं तर कंप्रेसर गेलाय. पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा, किंग पिन (चाक ज्यावर वळतं ती खीळ) आणि बेअरिंगचा खेळ हातालाच कळतो.

आणि ज्या जागेकडे नवखे बघतच नाहीत ती ही: घोडा ट्रेलरपासून सोडवायला लावा. "कशाला उगाच, सगळं ठीक आहे" असं म्हणतील, तरी लावा. ट्रेलरची घोड्यात अडकणारी पिन नवी असते तेव्हा ५०.८ मिलिमीटर असते, झिजून ४९ वर आली की बदलायची. व्हर्निअर पाच मिनिटांत सांगतो. फिफ्थ व्हीलचा, म्हणजे घोड्यावरच्या ट्रेलर टेकणाऱ्या प्लेटचा, जबडा पिनला किती घट्ट धरतो, ग्रीस नेहमीचं आहे की आजच थापलंय, प्लेटला तडा आहे का, हे बघा. रस्त्यावर ४० टन या एका सांध्यावर लोंबकळत असतात. ट्रेलरच्या लांब बीमवर, मधोमध आणि स्प्रिंग-पाट्यांच्या हँगरपाशी, टॉर्च मारून वेल्डिंगचे डाग शोधा. सगळा ट्रेलर मळका आणि एकच हातभर जागा नव्या रंगाने चकाकत असेल तर ती खरवडून बघा. चारही कोपऱ्यांची कंटेनर-लॉकं फिरतात का, तेही हाताने फिरवूनच पाहा.

टायर मोजा. चार-बाय-दोन (दोन अ‍ॅक्सलचा) घोडा आणि तीन अ‍ॅक्सलचा ट्रेलर म्हणजे अठरा, वर स्टेपनी. प्रत्येकाच्या कुशीवरचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेला) टायर ट्रेलरला चालतो, पुढच्या अ‍ॅक्सलला मुळीच नाही. समृद्धीवरून ७०१ किलोमीटरचा काँक्रीट रस्ता उन्हात कापायचा असेल तर जुन्या टायरची कसोटी तिथे लागते. टायर एका बाजूने खाल्लेला दिसला तर अलाइनमेंट किंवा वाकलेला अ‍ॅक्सल. बँकेने ओढून आणलेली, यार्डात बरेच दिवस उभी असलेली गाडी असेल तर टायर-बॅटऱ्या मूळच्या समजूच नका.

रिकामी चालवून काही कळत नाही. मालकाला भरलेल्या गाडीत बसवून न्यायला सांगा, जमल्यास खंडाळ्याच्या किंवा कसाऱ्याच्या घाटात. चढावर तापमानाचा काटा, गिअर सुटतो का, क्राऊनचा (मागच्या अ‍ॅक्सलच्या गिअरचा) हूं आवाज. उतारावर एक्झॉस्ट ब्रेक खरंच धरतो का. तुमची गाडी रोज जो हाकणार आहे तो ड्रायव्हर सोबत असू द्या. तो उतरल्यावर गप्प राहिला तर त्याला बाजूला घेऊन विचारा. मायलेजचं तोंडी उत्तर घेऊ नका, मागच्या फेऱ्यांच्या डिझेलच्या पावत्या मागा. भरल्या गाडीला लिटरमागे तीन आणि ३.३० किलोमीटर यांत फरक वाटत नाही, पण १४०० किलोमीटरच्या एका दिल्ली फेरीत तो ४० लिटरच्या वर जातो.

किंमत ठरवताना हे लक्षात असू द्या की २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या ट्रकवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी स्वस्त झाली तर जुनीही उतरायला हवी. त्याआधीचे भाव सांगणाऱ्या दलालाला हे ऐकवा. सगळे पैसे गाडीत घालू नका, एक क्लच, एक टर्बो आणि सहा टायर एवढं हाताशी ठेवा. ताब्यात आल्यावर १४ दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करायचा अर्ज द्या. इंजिन, गिअरबॉक्स, क्राऊन तिन्हीचं ऑईल आणि सगळे फिल्टर बदला, जुना मालक काहीही म्हणो. आणि पहिलं भाडं दिल्लीचं नको, पुण्याचं घ्या.