कारखान्यात चांगलं वातावरण कसं तयार करावं: शिफ्ट आणि प्लांट मॅनेजरसाठी

चाकण, वाळूज, सातपूर, बुटीबोरी किंवा गोव्यातलं वेर्णा, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत गेलात तर एकाच रस्त्यावर, साधारण सारख्याच पगाराचे आणि सारख्याच कामाचे दोन कारखाने दिसतात. एकात माणसं वर्षानुवर्षं टिकतात, दुसऱ्याच्या गेटवर 'ऑपरेटर पाहिजेत'चा बोर्ड उतरतच नाही. मालक सारखेच, मशिनंही सारखीच. पाळीवरचा मॅनेजर आणि त्याचे सुपरवायझर माणसांशी रोज कसे वागतात, तिथे बहुतेक फरक पडतो.

कारखान्याचं वातावरण कसं आहे ते ओळखायला मी एकच प्रश्न विचारतो: वाईट बातमी मॅनेजरपर्यंत किती वेळात पोचते? पार्ट बिघडला आणि पाच मिनिटांत तुम्हाला कळलं, तर तिथली माणसं निर्धास्त आहेत. तोच पार्ट ग्राहकाकडून परत आल्यावर कळला, तर भिंतीवर कितीही सुंदर वाक्यं रंगवलेली असोत, माणसं घाबरून काम करताहेत. खालच्या पायऱ्या हा वेळ कमी करण्यासाठी आहेत. ऑफिसात काम करणाऱ्यांनाही त्यातलं बरंच लागू पडेल.

पायरी 1: आधी दोन आठवडे नुसतं पाहा

नवीन घोषणा करू नका, मीटिंग बोलावू नका. पाळी बदलताना अर्धा तास फ्लोअरवर उभे राहा. जाणारा ऑपरेटर येणाऱ्याला मशिनबद्दल काही सांगतो, की नुसता पंचिंगकडे धावतो? सकाळच्या मीटिंगमध्ये सुपरवायझर सोडून कोणी बोलतं का? कँटीनमध्ये कंपनीचे आणि कंत्राटी वेगवेगळे बसतात का? तुम्ही जवळ आलात की बोलणं थांबतं का?

मग एचआरकडून दोन याद्या मागवा. रुजू झाल्यावर तीन महिन्यांच्या आत सोडून गेलेल्यांची एक, आणि न सांगता दांडी मारणाऱ्यांची दुसरी. दोन्हींत एकाच लाइनचं किंवा एकाच सुपरवायझरचं नाव वारंवार दिसलं, तर काम कुठून सुरू करायचं ते कळलं. सोडून गेलेल्यांपैकी तिघा-चौघांना स्वतः फोन करा. गेलेला माणूस जे मोकळेपणाने सांगतो, ते कामावर असलेला सांगत नाही.

पायरी 2: वाईट बातमी आणणाऱ्याशी कसं बोलायचं ते ठरवून ठेवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

रात्रपाळीत ऑपरेटर येऊन सांगतो, "साहेब, चाळीस पार्ट अंडरसाइज गेले." तुमच्या तोंडून निघणारं पहिलं वाक्य आजूबाजूची सगळी लाइन ऐकत असते. ते "कोणी केलं हे?" असं असेल, तर पुढच्या वेळी ते चाळीस पार्ट चांगल्या मालाच्या बिनमध्ये मिसळले जातील आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. म्हणून क्रम ठरवून ठेवा. आधी "बरं केलंस लगेच सांगितलंस." मग "ते पार्ट आत्ता कुठे आहेत?" मग "कधीपासून मापात फरक पडतोय?" आणि "तुला आत्ता काय मदत लागेल?" चूक कोणाची, ते माल बाजूला काढून मशिन पुन्हा नीट लागल्यावर, शांतपणे आणि एकट्याशी बोलायचं.

रागावर ताबा ठेवा, एवढंच सांगून भागत नाही, कारण डिस्पॅचची गाडी उभी असताना राग येतोच. वाक्यं पाठ असली की राग आला तरी तोंडातून तीच निघतात. पहिले काही दिवस ती डायरीत लिहून खिशात ठेवा. सुपरवायझरांकडूनही म्हणून घ्या.

याचं मला सगळ्यात पटलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट इथला जनरल मोटर्सचा कारखाना 1982 मध्ये बंद पडला. गैरहजेरी, संप, खराब माल यांसाठी तो बदनाम होता. 1984 मध्ये टोयोटाबरोबरच्या भागीदारीत तो पुन्हा सुरू झाला तेव्हा बहुतेक कामगार जुनेच घेतले, युनियनही तीच राहिली. काही जणांना शिकायला जपानला पाठवलं. लाइनवर एक दोरी होती. काही चुकतंय असं वाटलं की कोणत्याही कामगाराने ती ओढायची. मग टीम लीडर धावत येऊन मदत करणार आणि अडचण सुटली नाही तर लाइन थांबणार. पूर्वी त्याच कारखान्यात काहीही झालं तरी लाइन थांबवायची नाही असा दंडक होता. थोड्याच काळात तिथल्या गाड्यांचा दर्जा जपानमधल्या कारखान्यांच्या बरोबरीला आला आणि गैरहजेरी झपाट्याने घटली. ज्यांना सगळे 'बिघडलेले कामगार' म्हणत होते, त्याच माणसांनी हे करून दाखवलं.

तुमच्याकडे तशी दोरी नसेल. लाल दिवा, शिट्टी, नाहीतर सुपरवायझरचा फोन नंबरही चालेल. पण बोलावल्यावर कोणीतरी पाच मिनिटांत पोचलंच पाहिजे. दोनदा बोलावून कोणी आलं नाही, तर तिसऱ्यांदा कोणी बोलावत नाही.

एक मर्यादा मात्र सगळ्यांना स्पष्ट सांगून ठेवा. चूक झाली आणि सांगितली, तर शिक्षा नाही. चूक लपवली, खोटी नोंद केली किंवा सेफ्टी गार्ड काढून मशिन चालवलं, तर कारवाई होईल, मग माणूस कितीही जुना असो.

पायरी 3: सुपरवायझरला माणसं सांभाळायला शिकवा

आपल्याकडे सगळ्यात चांगल्या ऑपरेटरला सुपरवायझर करतात. काल मशिनवर असलेला माणूस आज पंचवीस जणांचा साहेब होतो आणि ते कसं करायचं ते त्याला कोणी शिकवत नाही. मग तो आपल्या जुन्या सुपरवायझरसारखा वागायला लागतो, म्हणजे ओरडायला लागतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

आठवड्यातून एकदा सगळ्या सुपरवायझरांना अर्धा तास एकत्र बसवा. त्या आठवड्यात खरंच घडलेला एक प्रसंग घ्या, पण नाव न घेता: उशिरा येणारा ट्रेनी, दोघांचं भांडण, ओव्हरटाइमला नकार देणारा माणूस. "तुम्ही काय म्हणाला असता?" असं प्रत्येकाला विचारा. हा अर्धा तास टार्गेटच्या नावाखाली रद्द होऊ देऊ नका. आणि तुम्ही स्वतः सुपरवायझरला त्याच्या माणसांसमोर झापत असाल, तर हे सगळं फुकट जाईल. त्याला जे मिळतं, तेच तो खाली देतो.

पायरी 4: सुट्टी आणि ओव्हरटाइमचे नियम भिंतीवर लावा

कारखान्यातली निम्मी कटुता सुट्टीवरून असते. गणपतीत कोकणातल्या सगळ्यांना गावी जायचं असतं, आषाढीला वारकरी घरातल्यांना वारीला, पेरणीला शेती असलेल्यांना रानात. सगळ्यांना एकदम सोडता येत नाही, हे माणसांना कळतं. त्यांना टोचतं ते हे की साहेबांच्या मर्जीतल्याला दरवर्षी मिळते आणि आपल्याला 'बघू'.

म्हणून गणपतीच्या दोन महिने आधी सुट्ट्यांचा तक्ता लावा. एका लाइनवरून एका वेळी किती जण जाऊ शकतात तो आकडा लिहा. गेल्या वर्षी ज्यांना मिळाली नाही, त्यांचा नंबर यंदा आधी. आपसात अदलाबदल करायची तर करू द्या, फक्त तक्त्यावर नोंद हवी. मर्जी कमी आणि तक्ता जास्त, असं झालं की गणपतीतल्या अचानकच्या दांड्या कमी होतात, कारण माणसाला आपला नंबर येणार याचा भरवसा असतो. कोणाच्या घरी मयत, आजारपण, बाळंतपण असलं तर तक्ता बाजूला ठेवा आणि सोडा. तो घरी पोचल्यावर त्याला एक फोनही करा.

ओव्हरटाइमचंही तसंच. कायद्याने त्याचा दर दुप्पट आहे, तो पगाराच्या स्लिपवर वेगळा दिसला पाहिजे. पाळी सुटायला दहा मिनिटं असताना "आज थांबायचंय" असं सांगणं बंद करा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सांगायची सवय लावून घ्या, म्हणजे घरी कळवायला, मुलाला क्लासवरून कोण आणणार ते ठरवायला वेळ मिळतो. आणि रात्री अकराला व्हॉट्सॲप ग्रुपवर रिजेक्शनचे, म्हणजे नापास झालेल्या मालाचे, फोटो टाकून "कोण जबाबदार?" असं विचारू नका. खरंच तातडीचं असेल तर ज्याच्याशी काम आहे त्याला फोन करा.

पायरी 5: कंत्राटी माणसांना नावाने ओळखा

बऱ्याच कारखान्यांत अर्ध्याहून जास्त माणसं कंत्राटी असतात आणि त्यांना 'ए कंत्राट' अशी हाक मारली जाते. हे आजच बंद करा. पगारातला फरक मिटवणं तुमच्या हातात नसेल, पण बाकीचं पुष्कळ आहे. सेफ्टी शूज सारखे, कँटीनची रांग एक, पिण्याचं पाणी एक, दिवाळीचा मिठाईचा बॉक्स तोच. बॉक्स दोन आकारांचे आणले तर ते वाटताना सगळ्यांना दिसतं आणि वर्षभर लक्षात राहतं.

खंडेनवमीला मशिनची पूजा होते. ती दरवर्षी मॅनेजरच्या हातून होते तिथे यंदा त्या मशिनवर रोज उभं राहणाऱ्याला हळद-कुंकू वाहू द्या, मग तो कंत्राटी का असेना. झेंडूचं तोरण बांधताना, नारळ फोडताना त्याच्या घरची माणसं गेटवर आलेली असतात. आपल्या माणसाला कारखान्यात मान आहे हे ती पाहतात.

पायरी 6: महिलांची सोय आणि सुरक्षा कागदावर ठेवू नका

दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्यानुसार अंतर्गत समिती हवीच. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, किमान निम्म्या सदस्य महिला, आणि एक सदस्य बाहेरचा. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते आणि चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते. कंत्राटी आणि ट्रेनी मुलींनाही हा कायदा लागू आहे, आणि नेमकं हेच त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. सदस्यांची नावं आणि फोन नंबर नोटीस बोर्डावर तर लावाच, महिलांच्या स्वच्छतागृहाच्या आतही लावा. तिथे कोणी बघत नसताना नंबर लिहून घेता येतो.

स्वच्छतागृह लाइनपासून किती लांब आहे, तिथे पाणी आहे का, कडी लागते का, हे एखाद्या महिला सहकाऱ्याबरोबर प्रत्यक्ष जाऊन पाहा. जायला परवानगी मागावी लागत असेल तर ती पद्धत मोडा. उशिराच्या पाळीनंतर गाडी हमरस्त्यावर न सोडता घरापर्यंत जायला हवी.

पायरी 7: कौतुक नेमकं करा, आणि त्रास देणाऱ्या हुशार माणसाला आवरा

"छान काम, चालू ठेवा" हे कोणाच्याच लक्षात राहत नाही. "काल स्पिंडलचा आवाज बदललेला तू ओळखलास आणि मेंटेनन्सला बोलावलंस, म्हणून बेअरिंग जाण्याआधी कळलं," हे माणूस घरी जाऊन सांगतो. सकाळच्या मीटिंगमध्ये रोज असं एक वाक्य बोला. खरं काही सापडलं नाही, तर त्या दिवशी बोलू नका.

दुसरी बाजू अवघड आहे. प्रत्येक कारखान्यात एक जण असा असतो ज्याच्यावाचून मशिनचं सेटिंग होत नाही, आणि तो नव्या मुलांना शिव्या देतो, टूल लपवतो, कोणाला शिकवत नाही. मॅनेजर त्याच्यापुढे नमतात. त्याच्याशी एकट्याशी, तारीखवार प्रसंग सांगून बोला आणि कोणतं वागणं चालणार नाही ते स्पष्ट करा. त्याच दिवसापासून त्याचं काम शिकायला दुसरे दोघे लावा. तीन महिन्यांत फरक पडला नाही तर त्याला सोडायची तयारी ठेवा. तो जाईपर्यंत बाकीचे तुमच्या कोणत्याही शब्दावर विश्वास ठेवणार नाहीत.

पायरी 8: मोजा, पण आकडे नीट वाचा

रोज एका माणसाशी दहा मिनिटं बोला, केबिनमध्ये न बोलावता, चहाच्या टपरीपाशी किंवा मशिनजवळ. दोनच प्रश्न: "या आठवड्यात कशामुळे काम अडलं?" आणि "मी काय केलं तर सोपं होईल?" उत्तर वहीत लिहा. त्यातलं एक तरी काम आठवड्याच्या आत करा आणि ज्याने सांगितलं त्याला जाऊन कळवा. बंद पडलेला पंखा, गळणारा कूलंट, अंधारा जिना यांसारख्या छोट्या गोष्टींपासून सुरुवात करा. मोठ्या गोष्टी माणसं नंतर सांगतात.

दर महिन्याला तीन आकडे पाहा: तीन महिन्यांत सोडून गेलेले, न सांगता गैरहजर राहिलेले, आणि थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या व चुकांच्या कळवलेल्या नोंदी. पहिले दोन हळूहळू उतरायला हवेत. तिसरा सुरुवातीला वाढेल. हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांनी 1990 च्या दशकात रुग्णालयांतल्या वॉर्डांचा अभ्यास केला, तेव्हा जिथे टीम चांगली होती तिथेच औषधांच्या चुका जास्त नोंदल्या गेलेल्या दिसल्या. त्यांनी आणखी शोध घेतल्यावर असं दिसलं की त्या वॉर्डांत माणसं चुकांबद्दल मोकळेपणाने बोलत होती. बाकीच्या ठिकाणी चुका झाकल्या जात होत्या.

म्हणून ही पद्धत सुरू करण्याआधी तुमच्या वरिष्ठांना भेटा आणि सांगून ठेवा की पुढचे दोन-तीन महिने रिजेक्शनच्या आणि छोट्या अपघातांच्या नोंदी वाढलेल्या दिसतील, तेव्हा खाली कोणाला जाब विचारायचा नाही. हे त्यांच्याकडून लेखी घेता आलं तर उत्तम.