डीएनए रिपोर्टमधली एचआयव्हीची ओळ कशी वाचायची

मी लॅबमध्ये कामाला, त्यामुळे घरातले सगळे रिपोर्ट माझ्याकडेच येतात. परवा ऐरोलीहून ठाण्याला येताना मावसभावाने ट्रेनमध्येच मोबाईल पुढे केला, ऑनलाइन किटमध्ये थुंकी पाठवून डीएनए टेस्ट केलेली, म्हणे दादा हे बघ, एचआयव्ही रेझिस्टन्सपुढे नॉर्मल लिहिलंय, म्हणजे मला होणार नाही ना? अरे बाबा, उलटं! इथे नॉर्मल म्हणजे काहीही जादा संरक्षण नाही, तुम्हाआम्हा सगळ्यांसारखंच.

तर आधी रॉ डेटामध्ये, म्हणजे किटवाले डीएनएतल्या तपासलेल्या जागांची जी यादी देतात तिच्यात, आरएस३३३ शोधा. हा सीसीआर५ नावाच्या जीनमधला एक स्पॉट. व्हायरसला आपल्या सीडी४ पेशीत, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पेशीत, शिरायला तिच्या बाहेरची दोन प्रोटीन्स लागतात, एक सीडी४ स्वतः आणि बहुतेक वेळा दुसरं सीसीआर५. काही लोकांच्या या जीनमधली ३२ अक्षरं गळालेली असतात, मग ते प्रोटीन अर्धवट बनतं आणि पेशीच्या बाहेर येतच नाही, म्हणजे दाराला कडीच नाही तर पकडणार काय. रिपोर्टमध्ये सहसा आय म्हणजे अक्षरं जागेवर, डी म्हणजे गळालेली. आयआय म्हणजे नॉर्मल. डीआय असेल तर लागण होऊ शकते, फक्त औषध नसेल तर आजार सरासरीने जरा हळू वाढतो. डीडी असेल तर खूप मोठं संरक्षण, पण तेही शंभर टक्के नाही, कारण काही व्हायरस सीएक्ससीआर४ या दुसऱ्या दारातून येतात. आणि डीडी युरोपियन वंशाच्या लोकांत साधारण १ टक्का, आपल्याकडे अगदीच विरळा, त्यामुळे आपल्या घरात कोणाचा आयआय आला तर नाराज व्हायचं काही कारण नाही.

बर्लिन पेशंटचं नाव कोणीतरी काढतंच. टिमोथी रे ब्राउन, २००७ मध्ये त्याला डीडी डोनरच्या स्टेम सेल्स दिल्या आणि एचआयव्ही गेला, पण तो ट्रान्सप्लांट ब्लड कॅन्सरसाठी होता, जिवावरचा प्रकार, त्यामुळे तो रस्ता सगळ्यांसाठी नाही.

पुढे एचएलए. ही प्रोटीन्स व्हायरसचे तुकडे पेशीच्या बाहेर धरून दाखवतात, मग मारणाऱ्या पेशींना कळतं इथे घुसखोर आहे. यातले बी५७ आणि बी२७ हे प्रकार असे तुकडे दाखवतात की व्हायरसने ते बदलले तर त्याचंच नुकसान होतं, म्हणून अशा लोकांत आजार हळू सरकतो. बी३५ च्या काही प्रकारांत मात्र लवकर. पण बी५७ आहे म्हणून औषध न घेता राहणारे बघितले की डोकं फिरतं माझं! विनाऔषध व्हायरस दाबून ठेवणारे लागण झालेल्यांत १ टक्क्याहून कमी, आणि बी५७ असलेले बरेच जण त्यात नसतातच. गोळ्या रोज घेतल्या तर हा जीनचा फरक रोजच्या आयुष्यात जवळजवळ उरतच नाही.

एकच ओळ खरंच कामाची आहे, बी*५७:०१, म्हणजे बी५७ चाच एक उपप्रकार. ती पॉझिटिव्ह असेल तर अबाकॅव्हिर हे एचआयव्हीचं औषध घ्यायचं नाही, ताप, पुरळ, उलट्या, श्वासाचा त्रास अशी रिअॅक्शन येऊ शकते आणि बंद करून परत चालू केलं तर जिवावर बेतू शकतं. किटवर विसंबू नका, किट बऱ्याचदा शेजारच्या एका स्पॉटवरून अंदाज बांधतं, डॉक्टरांना सांगून लॅबमधून नीट एचएलए टेस्ट करून घ्या.

आणि हो, यातलं काहीही एचआयव्ही आहे की नाही ते सांगत नाही. त्यासाठी सरकारी हॉस्पिटलमधल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही सल्ला आणि तपासणी केंद्रात जायचं, टेस्ट फुकट होते, नाव गुप्त राहतं. लागण होण्यासारखं काही घडून गेलं असेल तर ७२ तासांच्या आत पेप, म्हणजे लागण टाळायचं औषध, सुरू व्हायला हवं, जितकं लवकर तितकं बरं, रिपोर्ट उघडून बसू नका. १०९७ या एड्स हेल्पलाइनला फोन केला तरी चालेल. भावाला विचारलं, तुला नक्की काय टेन्शन आहे, तर तो खिडकीबाहेर बघायला लागला. ठाण्याला उतरून आम्ही रिक्षा केली ती थेट हॉस्पिटलची.