दसऱ्याचं ऊन वाया घालवू नका: बेळगावकडच्या घरात थंडीची तयारी कशी करावी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांना थंडीच्या तयारीसाठी दिवस थोडेच मिळतात. हस्ताचा पाऊस कधीकधी दसऱ्यापर्यंत पिच्छा सोडत नाही. दिवाळी झाली की भाताची सुगी लागते, मग कौलं चाळणारा, रंगारी, हाताखालची बाई, कुणीच मिळत नाही. सगळे कापणी-मळणीला गेलेले असतात. मध्ये उरतात ते दसरा ते दिवाळीचे तीनेक आठवडे. नवरा उद्यमबागेतल्या कारखान्यात पाळीवर, बायको शाळेत नाहीतर बँकेत, मुलं शिकवणीला, अशा घराला त्यातले रिकामे दिवस हातावर मोजण्याइतकेच मिळतात.

म्हणून कामं खोलीवार लावू नका, उन्हावार लावा. ज्याला कडक ऊन लागतं ते आधी, ज्याला नुसती कोरडी हवा पुरते ते नंतर, आणि जे दिव्याच्या उजेडात बसून होतं ते संध्याकाळवर ढकला. ‘आज सोपा म्हणजे पुढची खोली, उद्या स्वयंपाकघर’ असं ठरवलं तर सगळ्यात चांगलं ऊन भांडी घासण्यात जातं आणि वाकळा ढगाळ दिवशी बाहेर पडतात.

आधी सुट्टीचा मेळ घाला

कर्नाटकातल्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला असते, महाराष्ट्रातल्या शाळांना दिवाळीला. चंदगड-गडहिंग्लजची मामेभावंडं दिवाळीत मोकळी होतात, तेव्हा आपल्या मुलांना दोन-चार दिवसच मिळतात. पाहुणे दिवाळीतच येणार हे धरून चाला आणि जड कामं दसऱ्याच्या सुट्टीत उरका. दहा-बारा वर्षांची मुलं वाकळ तुडवायला, गादीचं दुसरं टोक धरायला फार उपयोगी पडतात. खेळ म्हणून सांगितलं तर कुरकुरही करत नाहीत.

बेळगाव शहरात १ नोव्हेंबरला बाजारहाटाचं काम ठेवू नका. त्या दिवशी कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि आपल्या मराठी माणसांचा काळा दिनही असतो. रस्ते कधी बंद, कधी तुंबलेले. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की महामार्गाच्या बाजूलाही तीच तऱ्हा. मोठी खरेदी या दोन्हींच्या आधी झालेली बरी.

पहिलं काम: वाकळा, गाद्या, घोंगडी

घटस्थापनेआधी घरातली सगळी धुणी काढायची रीत आपल्याकडे जुनी आहे. ती पाळायची असेल तर चादरी-अभ्रे तेव्हा धुवा, पण वाकळांना थोडं थांबवा. जाड वाकळ पावसाळी हवेत वरून वाळते, पोटात ओलीच राहते, आणि पेटीत गेली की महिन्याभरात काळे ठिपके धरते.

धुण्याआधी वाकळ उलटीसुलटी पसरून टाके बघा. सुटलेला टाका कोरड्यातच घाला. तसाच पाण्यात घातला तर बोटभर उसवण वीतभर होते. मग कोमट पाण्यात साबणाची पूड विरघळवून वाकळ अर्धा तास बुडवून ठेवा आणि पायांनी तुडवा. धुण्याच्या मशीनचा मोह नको. भिजलेली वाकळ इतकी जड होते की घरगुती मशीनचं पिंप हेलकावे खायला लागतं. पाणी नितळ येईपर्यंत दोन-तीनदा खळबळा.

पिळू मात्र नका. आमच्याकडे सासूबाई नव्या माणसाला हे हमखास सांगतात: “पिळू नको गं, आतलं जुनं लुगडं फाटतंय. गडग्यावर टाक, पाणी आपलंआपण जातंय.” तसंच करा. गडग्यावर किंवा गच्चीच्या कठड्यावर आडवी टाका, निथळली की दोन दोऱ्यांवर पसरा. एकाच दोरीवर घातली तर मधली घडी ओली राहते. दुपारी उलटा. ऑक्टोबरच्या दुपारी अचानक गडगडाट होऊन सर येते, तेव्हा ढग चढले की आत घ्या. रात्री बाहेर ठेवू नका, कारण या दिवसांत दंव पडायला लागतं आणि दिवसभराची मेहनत पहाटेपर्यंत मातीमोल होते.

वाळली की नाही हे वरून हात फिरवून कळत नाही. जिथे सगळ्यात जास्त थर आहेत तिथे, बहुधा कोपऱ्यात, चिमटीत धरून गालाला लावा. गार लागली तर अजून ओल आहे. दोन दिवसांचं ऊन धरून चला. शेवटच्या दिवशी आत आणून तासभर तशीच पसरून ठेवा आणि निवल्यावर घडी घाला. गरम घडी बंद पेटीत घातली की आत पुन्हा दमटपणा धरतो.

कापसाच्या गादीला धुणं नाही, ऊनच. दोन्ही बाजूंना चार-पाच तास ऊन द्या आणि काठीने झोडपा. गोळे झाले असतील तर पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घ्या. नवी गादी घेण्यापेक्षा स्वस्त पडतं आणि माझ्या मते झोपही चांगली लागते. लोकरीचं घोंगडं गरम पाण्यात कधीच घालू नका, आटून कडक होतं. दोन तास ऊन, चांगली झटकणी, आणि सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला घडीत. डांबरगोळ्या वापरत असाल तर लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा, आणि कपडे अंगावर घालण्याआधी वारा द्या.

स्वेटर काढताना मुलांच्या अंगाला लावून बघा. जानेवारीच्या गारठ्यात बाही मनगटाच्या वर राहिलेली लक्षात येण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

भिंती आणि कौलं

इथे गाव कुठलं त्यावर सगळं अवलंबून. कणकुंबी-जांबोटीकडे भिंती नोव्हेंबरपर्यंत ओल सोडत नाहीत. अथणी-रायबागकडे दसऱ्यालाच खडखडीत असतात. शहर या दोन्हींच्या मध्ये. दिवाळी आली म्हणून ओल्या भिंतीवर रंग चढवला तर पोपडे निघायला पुढच्या पावसाचीही वाट बघावी लागत नाही.

परीक्षा सोपी आहे. हातभर लांब-रुंद प्लास्टिकचा कागद भिंतीला चारी कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक दिवस राहू द्या. कागदाच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर भिंत अजून ओली आहे. तिला थांबू द्या. थेंब बाहेरच्या बाजूला असतील तर खोलीतली हवा दमट, दारं-खिडक्या उघडा. कागद दोन्हीकडून कोरडा असेल तर रंग लावा. न्हाणी, माळा, परड्याकडची खोली इथे महागड्या रंगापेक्षा चुनाच बरा: स्वस्त, आणि त्यावर बुरशी सहज धरत नाही. काळा थर आधी ओल्या फडक्याने पुसा. कोरडा खरवडला तर सगळं नाकात जातं. चुना भिजवताना आणि लावताना डोळ्यांवर चष्मा हवा. थेंब डोळ्यात गेला तर भाजतं.

मंगलोरी कौलं असतील तर फुटकी कौलं आत्ताच बदला. पाऊस कुठून गळला याचे डाग अजून ताजे असतात. मे महिन्यात तेच शोधायचं म्हणजे अंदाजपंचे, आणि तेव्हा कौलंवाल्याकडे गावभरची रांग असते. पन्हळीतला पाला काढा. गच्चीवरचे डबे, कुंड्यांच्या ताटल्या, जुने टायर यांत साठलेलं पाणी ओता आणि पुढेही आठवड्यातून एकदा बघा. पाऊस संपता संपताच डेंगीचे डास जोरात असतात.

न्हाणी: याकडे दुर्लक्ष नको

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचावर. डिसेंबर-जानेवारीत पहाट चांगलीच गारठते आणि पाच माणसांच्या घरात सकाळी सहा ते आठ गरम पाण्यावरून भांडणं होतात. सोलर असेल तर काचा ओल्या फडक्याने पुसा. पावसाळ्यातला चिखल-धूळ बसली की पाणी कोमटच येतं. बंब असेल तर मधल्या नळीची काजळी काढा, जाळी गंजली नाही ना बघा, आणि जळण आत्ताच कोरडं करून पडवीत रचा. शेणी थापायलाही हेच दिवस.

गॅसचा गिझर असेल तर तो न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या. बंद खोलीत तो जळत राहिला की कार्बन मोनॉक्साईड साठतो. त्याला वास नसतो. चक्कर येतेय हे कळेपर्यंत माणूस कोसळलेला असतो. थंडी वाजते म्हणून न्हाणीचा झरोका फडक्याने बुजवायची सवय अनेक घरांत आहे, ती मोडा. कोळशाची शेगडी बंद खोलीत घेऊन झोपणंही तितकंच घातक.

संध्याकाळची कामं

परड्यात किंवा चार कुंड्यांत मेथी, पालक, मुळा पेरा. मेथी महिन्याभरात खुडायला येते. कोथिंबिरीचे धणे चपलेने हलके रगडून दोन फाका करा आणि मगच पेरा, अख्खे उशिरा उगवतात. संकेश्वरी किंवा ब्याडगी मिरची घरात उरली असेल तर एक ऊन देऊन पुन्हा बंद करा. कारळाची आणि जवसाची चटणी रात्री जेवणानंतर कुटून होते. दिवाळीच्या फराळाबद्दल मी काही सांगत नाही. प्रत्येक घराची चकली वेगळी आणि प्रत्येकाला आपलीच बरोबर वाटते.

तांदळाची जागा

नवा तांदूळ सुगीनंतर येईल, पण पिंपं आणि कणग्या आत्ता रिकाम्या करा. तळाला जुना कोंडा राहिला तर नव्या तांदळात पोरकिडे तिथूनच शिरतात. पिंप धुऊन दोन दिवस उन्हात उपडं घाला. येळ्ळूर-वडगावकडच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून बासमती घेत असाल तर पोतं बांधण्याआधी दाणा दाताखाली धरा. कट्‌कन फुटला तर वाळलाय. दबला तर घरी आणून सावलीत पसरा, थेट कडक उन्हात नाही; तांदूळ तडकतो आणि शिजताना कण्या होतात. भरताना कडुलिंबाचा वाळलेला पाला पुरे. पोरकिड्यांसाठी दुकानात मिळणाऱ्या विषारी गोळ्या राहत्या घरात आणू नका, त्यांच्या वायूने माणसं दगावतात. नवा तांदूळ चिकट होतो, म्हणून तो पेजेला आणि भाकरीच्या पिठाला काढा. रोजच्या भातासाठी जुना असेल तोवर नव्याचं पोतं उघडू नका.