तूर विकली की क्रूझ: आमच्याकडून जाणाऱ्यांसाठी

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या आर्वीकडचं कोणी मुंबईहून निघणाऱ्या क्रूझबद्दल विचारायला आलं की मी आधी एकच विचारते, चिखलदऱ्याच्या घाटात गाडी लागते का? लागत असेल तर बोटही लागेल, हे धरूनच चाला. त्याचा अर्धा उपाय बुकिंगच्या वेळीच करायचा असतो. खोली जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावरची मागा. टोकाला आणि वर हेलकावे जास्त. एजंट म्हणेल वरची घ्या, मस्त आहे. त्याला काय, तो थोडाच सोबत येणार आहे! गोळी डॉक्टरांना विचारून, मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची. तरी कसंतरी झालंच तर खोलीत पडून राहू नका, डेकवर जाऊन लांब क्षितिजाकडे पाहत बसा. आत डोळ्यांना भिंती स्थिर दिसतात, पण कानातल्या तोलाच्या भागाला डोलणं कळतं. त्या दोघांचं जुळत नाही, म्हणून पोट ढवळतं.

मग महिना. समुद्र शांत असतो तेव्हा आपल्याकडे कापसाची वेचणी. शाळांना सुट्ट्या मे महिन्यात, पण मे म्हणजे अरबी समुद्रात वादळाची भीती. तौक्ते 2021 च्या मे महिन्यातच आलं होतं. पावसाळ्याचं तर नावच नको. तूर विकून, हरभरा घरात आला की मार्च बरा. पोरांच्या परीक्षा असतात, खरंय. मग म्हाताऱ्यांनीच जावं, काही बिघडत नाही.

जाहिरातीतला आकडा माणशी असतो, तोही एका खोलीत दोघं धरून. त्यावर बंदराचे पैसे, टिप, जीएसटी काय लागेल ते सगळं लिहून मागा. साधं जेवण त्यात येतं. दारू, स्पा, इंटरनेट वेगळं. आत रोख चालत नाही, सगळं जहाजाच्या कार्डावर चढतं, म्हणून रोज रात्री काउंटरवर हिशेब पाहून घ्यायचा. घरचा डबा आत नेऊ देत नाहीत. जवसाची चटणी रेल्वेतच संपवा.

स्वस्तातली आतली खोली घेतली तर खिडकी नसते. आमचे हे पहाटे उठणारे. दिवा बंद केला की पहाट का मध्यरात्र, काही समजेना. नहाणी एवढीशी की पडदा ओल्या पाठीला चिकटतो. आणि संडासाचं बटण दाबलं की खाडकन असं काही ओढून घेतं, की हे पहिल्यांदा दार उघडून बाहेरच आले बाप्पा!

किनारा सुटला की मोबाईलची रेंज जाते. जहाजाचं नेटवर्क पकडलं तर रोमिंगचं बिल अंगावर येतं, म्हणून फोन एअरप्लेन मोडवर टाका. विहिरीवरची मोटर फोनवरून सुरू करणाऱ्यांनी सालदाराला आधीच सगळं समजावून ठेवावं.

सुरुवातीला लाईफ जॅकेटची कवायत होते. कंटाळा करू नका. 2012 मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटलं, 32 माणसं गेली. त्या संध्याकाळी चढलेल्या अनेकांची कवायत व्हायचीच होती.

गोवा पाहायचा म्हणून क्रूझ घेणार असाल तर नका घेऊ. जहाज मुरगावला लागतं, तिथून पणजी तीसेक किलोमीटर, आणि हाती काही तासच. जहाजावरच बसायला, खायला, गाणी ऐकायला, नुसतं पाणी पाहायला आवडत असेल तर मात्र पैसे वसूल. दुपारी डेकवर खुर्ची टाकून बसलं, ना कोणाचा चहा करायचा ना भांडी. त्याच्यासाठी मी पुन्हा जाईन.

गाडी मात्र नीट धरा. विदर्भ एक्सप्रेस सकाळी सीएसएमटीला पोहोचते आणि तिथून जहाज सुटतं ते बॅलार्ड पिअर टॅक्सीने जवळच आहे, पण गाडी लेट झाली म्हणून जहाज थांबत नाही, चेक-इनही बरंच आधी बंद होतं. जहाजाच्या एक दिवस आधीच मुंबईत पोहोचा, ओळखपत्राची मूळ प्रत जवळ ठेवा. परतीचं तिकीट जहाज परत येईल त्याच दिवशीच्या संध्याकाळचं काढा, दुपारचं नको, कारण सामान आणि रांगा आटपून उतरायला वेळ लागतो. बर्थ खालचाच मागा. उतरल्यावरही अंग डोलत राहतं.